दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला जाण्याआधी: सिव्हिलला नेमकं काय बघतात आणि घरून काय तयारी करून जायचं

अपंगाच्या दाखल्यासाठी सिव्हिलला जायचं ठरलं की घरात सगळ्यात आधी एकच विचारतात, किती टक्के मिळतील? पण तिथे बसलेले डॉक्टर नेमकं मोजतात काय हे फारसं कोणी विचारत नाही, आणि तेच माहीत नसल्यामुळे खरोखर गरज असलेली माणसं अर्धवट कागद घेऊन, अर्धवट सांगून परत येतात. म्हणून सगळं एकदा नीट, आपल्या भाषेत लिहितोय. नाशिक जिल्ह्यातल्या लोकांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण नियम देशभर एकच आहेत.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. मेडिकल बोर्ड तुमच्या आजाराचं नाव मोजत नाही आणि तुम्हाला किती त्रास झाला, किती पैसे गेले तेही मोजत नाही. शरीराचं किंवा मनाचं कोणतं काम किती कमी झालंय आणि ते आता तसंच राहणार आहे का, एवढंच बोर्ड बघतो. दोघांना पॅरालिसिसचा झटका आलेला असतो, एकाचा हात परत चालू होतो आणि दुसऱ्याचा होत नाही, मग आजार एक असूनही टक्के वेगळे येतात, यात अन्याय काही नाही. हे समजलं की तयारी कशाची करायची तेही समजतं. आपलं कोणतं काम अडतं ते स्पष्ट दिसलं पाहिजे आणि त्याला कागदाचा आधार पाहिजे.

आता थोडं कायद्याचं, पटकन. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते, आता एकवीस आहेत, म्हणजे थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ऑटिझम, पार्किन्सन्स, अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडित, शिकण्यातली अडचण हे सगळं आत आलं. बऱ्याच घरांत अजून हेच माहीत नाही, अपंग म्हणजे हात, पाय, डोळे, कान एवढंच धरून चालतात. कोणत्या प्रकाराचे टक्के कसे काढायचे याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना ४ जानेवारी २०१८ ला आल्या आणि मार्च २०२४ मध्ये त्या सुधारून आल्या. डॉक्टर त्यातले तक्ते बघूनच आकडा काढतात, मनाने देत नाहीत. बहुतेक योजनांना ४० टक्के लागतात म्हणून सगळ्यांचा जीव त्या ४० मध्ये अडकलेला असतो. प्रमाणपत्रासोबत मिळणाऱ्या दिव्यांग ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडी कार्डाचा, रंगसुद्धा टक्क्यांवरच ठरतो, ४० च्या खाली पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा आणि ८० च्या पुढे निळा.

अर्ज ऑनलाइन करायचा, स्वावलंबन कार्ड नावाचं केंद्राचं पोर्टल आहे तिथे. जून २०२१ पासून प्रमाणपत्र या पोर्टलवरूनच द्यायचं असं ठरलंय, त्यामुळे कोणी साध्या कागदावर शिक्का मारून देतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. अर्जाला सरकारी फी नाही, सायबरवाला फॉर्म भरायचे पैसे घेतो तेवढेच. इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक मोबाइल नंबर. गावाकडे स्वतःचा फोन नसला की फॉर्म भरणारा स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो, मग ओटीपी त्याच्याकडे जातो, मेसेज त्याच्याकडे जातो आणि तुम्ही महिनोन्‌महिने वाट बघत बसता. घरातल्या कोणाचा तरी कायम चालू राहणारा नंबर द्या, मुलाचा, सुनेचा, भाचीचा, कोणाचाही. दुसरं नाव. आधारवर एक स्पेलिंग, हॉस्पिटलच्या कागदावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, जन्मतारीख तर विचारूच नका. प्रमाणपत्र आधारप्रमाणे निघतं, म्हणून आधारमध्ये चूक असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या आणि मगच अर्जाला हात लावा, नंतर दुरुस्ती करणं फार जिवावर येतं. फोटो अलीकडचा द्या.

हॉस्पिटल निवडताना जरा थांबून विचार करा. आधारवर जो पत्ता आहे त्या जिल्ह्यातलं सरकारी हॉस्पिटल निवडता येतं, नाहीतर ज्या सरकारी हॉस्पिटलात तुमचा इलाज चाललाय किंवा झालाय तेही चालतं, ही दुसरी सोय नियमातच आहे पण कोणी सांगत नाही. नाशिकमध्ये मुख्य ठिकाण म्हणजे त्र्यंबक रोडचं सिव्हिल. मालेगाव, सटाणा, नांदगावकडच्या लोकांनी पोर्टलवरच्या यादीत मालेगावचं सामान्य रुग्णालय आपल्या प्रकारासाठी दिसतंय का ते आधी बघावं, दिसत असेल तर एवढ्या लांब यायचा त्रास वाचेल. ज्यांच्याकडे महाराष्ट्राच्या जुन्या एसएडीएम प्रणालीतलं ऑनलाइन सर्टिफिकेट आहे त्यांनी नवीन अर्ज करताना ते जोडायचं आणि तसा पर्याय निवडायचा. कसलंच सर्टिफिकेट नाही असं भरून मोकळं होऊ नका.

कागद. आपल्याकडे एका पिशवीत सगळं कोंबलेलं असतं, मेडिकलच्या बिलांपासून सोनोग्राफीच्या पाकिटापर्यंत, आणि डॉक्टरसमोर ती पिशवी टेबलावर उपडी होते. बाहेर रांग लागलेली असते, डॉक्टरला तेवढं चाळायला वेळ नसतो. एक साधी फाइल करा. सगळ्यात वर शेवटचा कागद, मग मागे मागे जात पहिल्या दिवसाचा. डिस्चार्ज कार्ड सगळ्यात महत्त्वाचं, त्यात काय झालं, कधी झालं, काय ऑपरेशन केलं सगळं एका पानात असतं, ते हरवलं असेल तर त्या हॉस्पिटलात जाऊन दुसरी प्रत मागा, रेकॉर्डमधून काढून देतात. मग एक्स-रे, एमआरआय (फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही), नसांचा त्रास असेल तर ईएमजी आणि एनसीव्ही या नसा-स्नायूंच्या तपासण्यांचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी. बिलं घरी ठेवा, त्यांचा इथे काही उपयोग नाही. झेरॉक्सचा एक पूर्ण सेट वेगळा आणि ओरिजिनल वेगळं ठेवा आणि ओरिजिनल कोणाच्या हातात सोडून येऊ नका. कागद कमी असतील तरी घाबरू नका, जन्मापासूनचा किंवा लहानपणीचा पोलिओ असेल तर कागद असणारच कुठून, तिथे शरीरच सांगतं.

आणि वेळ. फ्रॅक्चर होऊन दोन महिने झाले, प्लास्टर नुकतंच निघालं आणि लगेच दाखल्याला गेलं तर बोर्ड परतच पाठवणार, कारण अजून फिजिओथेरपी बाकी आहे, हात-पाय सुधारायला वाव आहे. पॅरालिसिसचंही तेच. इलाज पुरता होऊ द्या, जेवढी सुधारणा व्हायची तेवढी होऊ द्या आणि मग जे कायमचं उरलं त्याचा दाखला. मोतीबिंदूचंही तसंच आहे, ऑपरेशनने दिसायला लागणार असेल तर आधी ऑपरेशन करून घ्या असंच सांगतील आणि ते बरोबरच आहे.

आता खोलीत काय होतं ते सांगतो, कारण लोकांना भीती त्याचीच असते.

हाता-पायाचं असेल तर ऑर्थोचे म्हणजे हाडांचे डॉक्टर सांधा किती वळतो ते गोनिओमीटर नावाच्या कोन मोजायच्या पट्टीने बघतात आणि स्नायूंची ताकद ० ते ५ मध्ये लिहितात. ५ म्हणजे पूर्ण ताकद, ३ म्हणजे हात वर उचलता येतो पण कोणी जरा दाबलं तर खाली येतो, ० म्हणजे हालचालच नाही. इथपर्यंत सगळ्यांना अपेक्षित असतं. पण हाताच्या बाबतीत त्यापुढे दहा रोजची कामं बघायची असतात, प्रत्येकाला ९ टक्के वजन, आणि ती यादी एकदम आपल्या घरातली आहे: डोक्यावरची वस्तू काढून परत ठेवणं, नाकाला हात लावणं, आपल्या पद्धतीने हाताने जेवणं, केस विंचरणं आणि वेणी घालणं, शर्ट किंवा कुडता घालणं, शौचानंतर धुणं, ग्लासने पाणी पिणं, बटणं लावणं, नाडी किंवा धोतर बांधणं आणि लिहिणं. पायाला तसंच सपाट जागेवर चालणं, चढावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघ्यावर बसणं, वळणं. म्हणजे तुमचं अर्धं उत्तर तुमच्या मोरीत आणि स्वयंपाकघरातच आहे. तपासणीच्या आठवडाभर आधीपासून या एकेका कामाकडे लक्ष द्या, कोणतं जमतं, कोणतं दुसऱ्याने करून द्यावं लागतं, कोणतं जमतं पण दुप्पट वेळ लागतो, आणि ते वहीच्या एका पानावर लिहा. डॉक्टरसमोर आठवत नाही, पान असलं की आठवतं.

गुडघे झिजलेल्या म्हाताऱ्या माणसांची मोठी गर्दी असते तिथे. त्यांना समजावून सांगा की नुसतं दुखतं एवढ्यावर फारसे टक्के पडत नाहीत, त्या दुखण्यामुळे गुडघा किती वाकायचा बंद झालाय, मांडी घालता येते का, जिना चढता येतो का, यावर पडतात. दुखणं खरं नाही असा त्याचा अर्थ नाही, ते पट्टीने मोजता येत नाही एवढंच.

डोळ्यांचं गणित लोकांना सगळ्यात जास्त खटकतं. नजर चष्मा लावून, म्हणजे चांगल्यात चांगला नंबर देऊन जेवढं दिसतं त्यावर मोजतात, म्हणून चष्मा घरी ठेवून जाण्यात काही अर्थ नाही. आणि एक डोळा पूर्ण गेलाय पण दुसरा चांगला आहे, तर तक्त्याप्रमाणे ३० टक्के बसतात, ४० नाही. ज्याचा डोळा गेला त्याला हे ऐकून वाईट वाटतंच, पण त्यासाठी डॉक्टरशी भांडून उपयोग नाही, तो आकडा त्यांच्या हातात नाही. काचबिंदू किंवा रातांधळेपणाच्या आजारात समोरचं दिसतं पण बाजूचं दिसत नाही, अशांनी पेरिमेट्रीचा म्हणजे नजरेच्या क्षेत्राचा रिपोर्ट सोबत न्यावा, नुसत्या तक्त्यावरची अक्षरं वाचून त्यांचा त्रास कळतच नाही.

कानाचं उलटं, तिथे मशीन काढून तपासतात. बंद खोलीत हेडफोन लावून वेगवेगळे बारीक आवाज सोडतात, ऐकू आलं की बटण दाबायचं, याला ऑडिओमेट्री म्हणतात. जाण्याआधी कानातला मळ काढून घ्या, सर्दी असेल तर डॉक्टरला सांगा. दोन्ही कानांना ७० डेसिबलचा लॉस असेल तर कायद्याने कर्णबधिर, ६० ते ७० मध्ये असेल तर कमी ऐकू येणारा. टक्के काढताना चांगल्या कानाला पाचपट वजन देतात: चांगल्या कानाचे टक्के गुणिले पाच, त्यात खराब कानाचे मिळवायचे आणि सहाने भागायचं. म्हणून एकच कान गेलेल्या माणसाला, त्या कानाने काहीही ऐकू येत नसलं तरी, फार कमी टक्के पडतात. लहान मुलं किंवा ज्यांच्या उत्तरावरून नक्की कळत नाही त्यांची बेरा टेस्ट करतात, बाळाला झोपवून डोक्याला वायरी लावतात. दुखत नाही, आईने घाबरू नये, फक्त बाळ झोपेल अशा वेळी न्यावं.

दोन-तीन प्रकारचं अपंगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. समजा पायाचे ४० आणि हाताचे ३०, तर लोक ७० धरून बसतात. सूत्र असं आहे: मोठा आकडा आधी घ्यायचा, ४०. मग ९० मधून तो वजा करायचा, राहिले ५०, त्याला लहान आकड्याने गुणायचं आणि ९० ने भागायचं, म्हणजे ५० गुणिले ३० भागिले ९०, साधारण १७. चाळीस आणि सतरा, सत्तावन्न. सर्टिफिकेटवर ५७ बघून कोणी तुमचे टक्के खाल्ले असं समजू नका.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवणकडे सिकलसेल हा आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे आणि तिथल्या लोकांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. सोल्युबिलिटीची साधी टेस्ट पॉझिटिव्ह आली एवढ्यावर दाखला मिळत नाही, पुढची एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पक्की तपासणी लागते. त्यात एसएस आलं तर रुग्ण, एएस आलं तर फक्त वाहक, आणि वाहकाला दाखला नाही. कितीदा रक्त चढवलं, कितीदा अ‍ॅडमिट व्हावं लागलं याचे कागद जपून ठेवा, ग्रामीण रुग्णालयातली छोटी चिठ्ठीसुद्धा.

मतिमंद, ऑटिझम आणि मानसिक आजार यांची तपासणी सगळ्यात वेगळी, आणि इथे घरच्यांची तयारी सगळ्यात जास्त लागते, कारण बाहेरून काही दिसत नाही. बौद्धिक अक्षमतेत बुद्ध्यांक बघतातच, पण त्यासोबत सामाजिक परिपक्वतेची चाचणी करतात, म्हणजे मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, रस्ता ओलांडतं का, दुकानातून वस्तू आणतं का. ही उत्तरं आई-बापच देतात. ऑटिझमसाठी इसा नावाची आपल्या देशातच तयार केलेली प्रश्नावली आहे. मानसिक आजारासाठी आयडियाज नावाची पद्धत आहे, त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, लोकांशी वागणं, बोलणं-समजणं आणि कामधंदा. प्रत्येकाला ० ते ४ गुण, आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे गुण. म्हणून पहिल्या दिवसाची चिठ्ठी इथे खरोखर सोन्यासारखी, आजार किती जुना ते तीच दाखवते. सोबत रोज त्या माणसाबरोबर राहणारं कोणीतरी पाहिजे. बाहेरगावी नोकरीला असलेला हुशार भाऊ येतो आणि त्यालाच काही माहीत नसतं, त्यापेक्षा घरातली आई किंवा बायको आलेली बरी. ती सांगते की आठ-आठ दिवस आंघोळ करत नाही, गोळी ताटात लपवतो, रात्रभर फेऱ्या मारतो, आणि डॉक्टरला नेमकं तेच हवं असतं. आणि त्या दिवशी माणूस शांत, नीटनेटका दिसला तर घाबरू नका, गोळ्या बंद करून नेण्याचा विचार तर स्वप्नातही करू नका. गोळीवर शांत आहे हे सांगा, गोळी चुकली तर काय होतं तेही सांगा. अभ्यासातली अडचण म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, त्याची तपासणी मूल आठ वर्षांचं झाल्यावर होते, त्याआधी नेऊ नका.

आता मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. आपली माणसं डॉक्टरसमोर बसली की खरं सांगत नाहीत. खोटं बोलतात असं नाही, लाजतात. माझ्या मावशीला पॅरालिसिस झाला, उजवी बाजू. तपासणीत डॉक्टरनी अगदी आपुलकीने विचारलं, मावशी, जेवण कोणत्या हाताने करता? मावशी म्हणाली, उजव्याच की हो. डाव्या हाताने खाते हे चारचौघांत सांगायचं कसं, देवाधर्माच्या बाईला ते मरणाहून मेल्यासारखं. सून बाजूलाच उभी होती, तिने हळूच सांगितलं की डॉक्टर, आजारपणापासून डाव्या हातात चमचा देऊन खातात, भाकरी मी कुस्करून देते, ब्लाउजचे हूकही मीच लावते. डॉक्टरनी मग टेबलावरचा पेन उचलायला सांगितलं, बोटं मिटेनात. मावशीच्या डोळ्यात पाणी आलं. सून बोलली नसती तर कागदावर उजव्या हाताने जेवते असंच गेलं असतं, आणि तो कागद आयुष्यभर राहिला असता.

पुरुषांचं वेगळं, ते मर्दपणा दाखवतात. जिना चढता येतो का? येतो ना. येतो, पण कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबून, आणि वर गेल्यावर दहा मिनिटं बोलता येत नाही, हे पुढचं वाक्य तो गिळून टाकतो. पुढचं वाक्य बोला. “जमतं” म्हणून थांबू नका, कसं जमतं, किती वेळात, कोणाच्या आधाराने, नंतर काय होतं ते सांगा. दवाखान्यात यायचं म्हणून घरातले लोक दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सुनेने बटणं लावून आणतात, ते ठीक आहे, पण डॉक्टरनी विचारलं तर बटणं कोणी लावली ते सांगा. शौचाचं, लघवीवर ताबा नसण्याचं सांगायला लाज वाटत असेल तर वहीच्या त्या पानावर लिहा आणि पान पुढे करा.

आणि याच्या उलट करणारेही असतात, चांगला चालणारा माणूस गेटपासून लंगडायला लागतो. डॉक्टर रोज शंभर पाय बघतात, स्नायू वाळलेला आहे की नाही ते डोळ्याला दिसतं, टेपने मांडीचा घेर मोजला की लगेच कळतं. एकदा संशय आला की जे खरं आहे त्यावरचाही विश्वास उडतो. शिवाय खोटेपणाने दिव्यांगांचा फायदा घेतला तर कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण मला शिक्षेपेक्षा हे जास्त लागतं की असल्या लोकांमुळे खऱ्या माणसाकडे प्रत्येक टेबलावर संशयाने बघतात.

जायच्या दिवसाचं थोडक्यात. आधी चौकशी करून जा की तुमच्या प्रकारचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, हे मधूनमधून बदलत असतं आणि सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने येऊन आज कानाचे डॉक्टर नाहीत हे ऐकणं फार वाईट. सीबीएसच्या किंवा ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडवर उतरलात तर सिव्हिल तिथून जवळच आहे, तरी चालायला त्रास असेल तर रिक्षा करा, उगाच दमून तपासणीला बसू नका. गेटवर व्हीलचेअर मागा, मागायला लाजू नका. सकाळी खाऊन निघा, डबा, पाणी, वेळेच्या गोळ्या सोबत ठेवा, पूर्ण दिवस जाणार असं धरूनच निघा. सैल कपडे घाला, बाही कोपराच्या वर जाईल आणि पायजमा गुडघ्याच्या वर जाईल असे. कॅलिपर, काठी, कुबडी, कानाचं मशीन, चष्मा, जे काही वापरता ते न्या. तपासणीत जिथे दुखेल तिथे लगेच सांगा, दात आवळून सहन करू नका.

बाहेर कोणी भेटून टक्के वाढवून देतो म्हणेल. त्याला काही करता येत नाही. ज्याला ४५ मिळणारच असतात त्याच्याकडून तो पैसे घेतो आणि ते मीच करून दिले म्हणतो. गरिबाचे पाच-पाच हजार असे जातात, चीड येते.

निकाल लगेच हातात येत नाही, नियमात आता तीन महिन्यांची मुदत आहे. आणि अर्ज करून तपासणीला गेलाच नाहीत, दोन वर्षं तसाच पडला तर तो अर्ज बाद होतो, परत नव्याने भरावा लागतो. पोर्टलवर अर्जाच्या नंबरने स्थिती बघत राहा. सर्टिफिकेट आलं की आधी नाव, जन्मतारीख, अपंगत्वाचा प्रकार, टक्के आणि कायमचं आहे की तात्पुरतं हे वाचा. तात्पुरतं असेल तर त्यावर मुदतीची तारीख असते, लहान मुलांचं आणि मानसिक आजाराचं बऱ्याचदा तात्पुरतंच देतात, कारण पुढे फरक पडू शकतो. ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा आणि दोन-तीन महिने आधी परत अर्ज करा, मुदत संपली की पेन्शन थांबते आणि मग धावपळ होते.

अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, ते मागून घ्या. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. अपील करताना नुसतं टक्के कमी दिले असं लिहू नका, कोणता रिपोर्ट बघितला गेला नाही, कोणतं काम तपासलं गेलं नाही ते लिहा आणि तो कागद जोडा. नंतर आजार वाढला तर ते अपील नाही, तेव्हा नव्याने तपासणी मागायची. तब्येत तीच, कागद तेच, आणि तक्त्याप्रमाणे ३० च बसत असतील तर मात्र अपिलात पैसे आणि वेळ घालवू नका.

शेवटचं म्हणजे प्रमाणपत्र आलं की पेन्शन आपोआप सुरू होत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वेगळा, तो तहसीलला करायचा, त्याला ४० टक्के लागतात, दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत पाहिजे आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास पाहिजे. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना यात महिन्याला २५०० रुपये आहेत. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला काढायला वेळ लागतो म्हणून तपासणी झाली की प्रमाणपत्राची वाट न बघता ते दोन कागद कामाला लावा. एसटीची सवलत वेगळी. रेल्वेची तर पूर्णच वेगळी, तिथे टक्के बघत नाहीत, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारा, पूर्ण अंध, मूकबधिर अशा ठराविक प्रकारांनाच मिळते आणि रेल्वेचा स्वतःचा फॉर्म डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. सिव्हिलला गेलाच आहात तर त्याचीही चौकशी त्याच दिवशी करा. टॅक्स भरणाऱ्या दिव्यांगांना ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्क्यांच्या पुढे सव्वा लाख, जुन्या कररचनेत.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत प्रेसमध्ये बोटं गेलेल्या पोरांनी एक लक्षात ठेवा. पगारातून ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापले जात असतील तर तिथला कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेगळा आहे, त्यासाठी ईएसआयसीचा स्वतःचा मेडिकल बोर्ड बसतो आणि तो कमावण्याची ताकद किती गेली ते बघतो. सिव्हिलचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही आणि तिथला कागद इथे चालत नाही, दोन्हीकडे वेगवेगळा अर्ज करा. अपघात झाला त्या दिवशीच कंपनीच्या अपघात रजिस्टरमध्ये नोंद झाली का आणि अपघाताचा रिपोर्ट ईएसआयसीला गेला का ते बघा, ठेकेदाराकडे कामाला असाल तर जास्तच, कारण नंतर तुम्ही तिथे कामालाच नव्हता म्हणायला त्यांना वेळ लागत नाही.